नवीन जीसीसी टाकला आणि सगळं लाल झालं? या चुका टाळा

सबमिशन जवळ आलं की सोलापुरातल्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांचं एकच रडगाणं, काल चालत होता तो प्रोग्राम आज चालेना, नवीन कंपायलरच खराब निघाला काय. नाही बे, कंपायलर ठीकय. मे २०२४ मध्ये जीसीसी (आपला सी चा कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) ची १४ वी आवृत्ती आली, त्यात आधी जिथं नुसती वॉर्निंग यायची तिथं आता सरळ एरर येते, आणि वॉर्निंग वाचायची सवय कुणाला होती?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एरर दाबून टाकणं. कुणीतरी सांगतं कंपाइल करताना डॅश एफपर्मिसिव्ह (या एररची परत नुसती वॉर्निंग करणारा फ्लॅग) टाक, होतंय सगळं. कंपाइल होतंय खरं. पण समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यासाठी बिलिंगचा प्रोजेक्ट केलाय, एका फाईलमध्ये डझनाचा दर काढणारं फंक्शन आहे, ते डबल (दशांशवाला आकडा) परत देतं, दुसऱ्या फाईलमधून ते कॉल केलंय पण त्याचं डिक्लेरेशन, म्हणजे ते काय घेतं-काय देतं हे सांगणारी ओळ, तिथं कुठंच नाही. मग कंपायलर धरून चालतो की हे इंट (पूर्णांक) देणार. आपल्या नेहमीच्या ६४ बिट पीसीवर डबलचं उत्तर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये येतं आणि इंटचं दुसऱ्याच, म्हणजे प्रोग्राम भलत्याच जागचा आकडा उचलतो आणि बिलावर कायच्या काय रक्कम छापतो. तेच फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देणारं असेल तर ६४ बिटचा पत्ता ३२ मध्ये कोंबला जातो आणि मग सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद. जीसीसी १४ तुम्हाला हेच आधी सांगतोय, हेडर फाईलमध्ये एक ओळीचा प्रोटोटाइप (तेच डिक्लेरेशन) लिहा, विषय संपला.

टर्बो सी या जुन्या कंपायलरवरून आलेल्यांचं दुखणं वेगळंच, स्क्रीन पुसणारं क्लिअरस्क्रीन, म्हणजे सीएलआरएससीआर. मिनजीडब्ल्यूमध्ये (विंडोजवरचा जीसीसी) कोनिओ हेडर असतं, गेटसीएच चालतं, पण सीएलआरएससीआर त्यात नाहीच. आधी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) ओरडायचा, आता कंपायलरच ओरडतो. काढून टाका ती ओळ, मार्क कमी होत नाहीत.

जीसीसी १५ (एप्रिल २०२५) वाल्यांनी अजून एक बघा. यात सी भाषेच्या नियमांची डिफॉल्ट आवृत्ती जीएनयू१७ जाऊन जीएनयू२३ आलीय, त्यामुळं बूल, ट्रू, फॉल्स हे आता कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द. सीनियरच्या जुन्या प्रोजेक्टमधून उचललेला टाइपडेफ वाला (स्वतः बनवलेला) बूल तिथंच मरतो. फंक्शनच्या नावापुढच्या रिकाम्या कंसाचा अर्थपण बदललाय, आता रिकामा कंस म्हणजे आर्ग्युमेंट नाहीच, मग पाठवले की एरर. जुना कोड लगेच बदलायला वेळ नसेल तर कंपाइल करताना स्टँडर्ड जीएनयू१७ द्या, इथं ते चालतंय, कारण तो कोड त्याच नियमांनी लिहिलाय.

आता काहींनी नवीन टाकलेला असतो पण चालतो जुनाच. कोडब्लॉक्स (कोड लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) २०.०३ सोबत जीसीसी ८.१ येतो, तुम्ही बाजूला कितीही नवा टाका, सेटिंगमधला टूलचेनचा (कंपायलर आणि सोबतची साधनं) फोल्डर बदलला नाही तर तो जुनाच धरतो, आणि डीबगरचा (चुका शोधणारं साधन) पाथ वेगळ्या ठिकाणी असतो तो तर सगळेच विसरतात. टर्मिनलवर व्हर्जन विचारा, विंडोजवर 'व्हेअर जीसीसी' टाका, दोन-तीन पाथ दिसले की कळेल.

जीडीबीचं, म्हणजे जीसीसी सोबत वापरतात त्या डीबगरचं, तर विचारू नका. जीसीसी ११ पासून डीबगची माहिती ड्वार्फ ५ या फॉरमॅटमध्ये लिहिली जाते, जीडीबी ७ च्या जमान्यातला डीबगर ती वाचूच शकत नाही, व्हर्जन चुकीचं म्हणून ड्वार्फ एरर देतो. जीडीबी पण नवा घ्या, लॅबच्या पीसीवर परवानगी नसेल तर डॅश जीड्वार्फ-४ देऊन कंपाइल करा. व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आऊट' दिसतंय म्हणजे ओ२ (कोड वेगवान करणारा फ्लॅग) लावून डीबग करताय, डॅश जी (डीबगची माहिती ठेवणारा फ्लॅग) सोबत ओजी किंवा ओ० ठेवा. आणि मेकफाईलमध्ये (मेक या साधनाला कंपाइल कसं करायचं ते सांगणारी फाईल) फ्लॅग बदलला तरी सोर्स तोच असल्यामुळं मेक बऱ्याचदा म्हणतं काही करायचंच नाही, म्हणून आधी मेक क्लीन करून जुन्या तयार फाईली पुसा.

मदत मागताना स्क्रीनच्या खालच्या भागाचा फोटो काढून पाठवू नका राव, वर स्क्रोल करा, पहिली एरर कॉपी करा आणि सोबत व्हर्जन लिहा, खालच्या बऱ्याचशा एरर त्या पहिलीच्याच पोटातून आलेल्या असतात.