बोर्डावर नव्याने बसणाऱ्या सेक्शन कंट्रोलरला

मनमाड–भुसावळ बोर्ड, म्हणजे त्या टप्प्यातल्या गाड्या कंट्रोल ऑफिसातून चालवायचं काम, मिळालंय ना? मग चार्ज घेताना कुठली गाडी कुठे आहे, हे विचारत बसू नकोस. ते स्क्रीनवर दिसतं. न दिसणारं विचार. कुठल्या लूपला (मुख्य लाइनीशेजारी गाडी बाजूला घ्यायच्या रुळाला) चालक-गार्डाविना मालगाडी उभी आहे, कोणतं इंजिन दम टाकतंय, कुणाचे तास भरत आलेत. 9 तासांची रनिंग ड्यूटी भरलेला लोको पायलट नगरदेवळ्याला गाडी लावून बसला, की तुझी एक लूप गेलीच.

आता प्रेशर. गाड्या जास्त म्हणून जीव टांगणीला लागत नाही, ठरवायला उशीर झाला की लागतो. 58 वाघिणींचा भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, अपला (मुंबईकडे) निघालाय, मागे मेल आहे. रेक पाचोऱ्याला लूपला घ्यायचा असेल तर त्याआधी लागणाऱ्या म्हसावदच्या आतच ठरव. लूपमध्ये तो ताशी 30 किलोमीटरने शिरणार, लांबी साडेसहाशे मीटरच्या वर. शेपूट आत जाईपर्यंत मागची मेल पिवळे सिग्नल बघत रांगत येते. "मेलच्या आधी पुढे चाळीसगावपर्यंत पळेल की" असं रात्री तीनला हमखास वाटतं. पळत नाही. दोन रेक जोडलेला लाँगहॉल असेल तर तो साध्या लूपला मावतच नाही. त्याचा निकाल तो भुसावळ सोडायच्या आधी लाव.

फोनवर आवाज चढवू नकोस. लाइन एकच, सगळे स्टेशन मास्तर ऐकत असतात. एकाला झापलंस की गाळणचा मास्तरही बोलायला कचरतो, आणि त्याला दिसलेला ॲक्सलचा धूर तुला गाडी पुढे गेल्यावर कळतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ट्रेनिंगमध्ये काही का शिकवेनात.

साहेबांचा फोन ऐन गर्दीत आला तर डेप्युटी कंट्रोलरकडे दे. त्यासाठीच तो मागे बसलाय. लघवीला जायचं तरी त्यालाच सांगून ऊठ. सहा तास दाबून बसण्यात कसली आलीय मर्दुमकी!

ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लाइन बंद, मागितला की घासाघीस करू नकोस. दोन तास मागितले तर दोन तास दे, पण सुटायच्या वीस मिनिटं आधी विचारणा कर. ब्लॉक बर्स्ट झाला, म्हणजे वेळेत सुटला नाही, तर पुढची सगळी पाळी त्यातच जाते.

आणि लेट का झालं ते तिथल्या तिथे नोंदव. साखळी ओढली, कुठल्या स्टेशनात, किती मिनिटं. सकाळच्या पंक्च्युअलिटीच्या बैठकीत प्रत्येक खातं ती मिनिटं दुसऱ्याच्या गळ्यात घालतं. नोंद नसेल तर ती तुझ्या नावावर पडतात.