नाच आपण बसवला, कॅमेराही आपणच बसवायचा

माझं कथक नृत्य पहिल्यांदा कॅमेऱ्यात गेलं, तेव्हा तिहाईच्या समेवर, म्हणजे तीनदा घेतलेला बोल तालाच्या पहिल्या मात्रेवर येऊन संपतो तिथे, पडद्यावर फक्त माझ्या कानातल्या कुड्या होत्या. पाय त्या क्षणी चौकटीबाहेर होते. ज्या पायांसाठी तीन आठवडे तालीम केली, ते कुणालाच दिसले नाहीत. चित्रीकरण करणारा मुलगा हुशार होता आणि मन लावून काम करत होता, पण सम कुठे येते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्याचं काम माझं होतं. तेव्हापासून प्रत्येक डान्स फिल्मआधी आणि प्रत्येक ऑनलाइन कार्यक्रमाआधी मी वहीत यादी उतरवते. नाशिकमध्ये नाच शिकवणाऱ्या, बसवणाऱ्या आणि आता तो पडद्यावर नेऊ पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी ती इथे सविस्तर लिहिते आहे.

तालमीच्याही आधी ठरवायचं ते हे, की चौकट आडवी असणार की उभी. यूट्यूबवर किंवा महोत्सवात दाखवायचं असेल तर आडवी, १६:९. रील करायचं असेल तर उभी, ९:१६. नंतर कापून घेऊ असं म्हणून भागत नाही. आडव्या चौकटीत चाल घेत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाता येतं, चार-पाच जणींची रचना मावते. उभ्या चौकटीत एकच नर्तकी डोक्यापासून पायापर्यंत छान बसते, पण तिने दोन पावलं बाजूला टाकली की ती गेलीच. म्हणून मी वर्गात जमिनीवर खडूने चौकटीच्या कडा आखते आणि मुलींना पहिल्या दिवसापासून त्यातच नाचवते.

मग कॅमेरावाल्याबरोबर निदान दोन तालमी. तबलजीबरोबर बसतो तसंच बसायचं. त्याच्यासमोर पढंत करा, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणा, टाळी धरून सम दाखवा आणि एक कागद द्या: डावीकडे बोल, उजवीकडे त्या बोलाला काय दिसायला हवं ते. तत्कार, म्हणजे पायाचं काम, असेल तर पूर्ण शरीर किंवा फक्त पाय, भाव असेल तर कमरेच्या वरचा भाग, चक्कर असतील तर कॅमेरा अजिबात हलवायचा नाही. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा. डोक्याच्या उंचीवरून खाली बघितलं की पायाचं काम बुटकं दिसतं. कडेला उभ्या मुलीचे हात रुंद लेन्समध्ये ताणल्यासारखे होतात, म्हणून जरा मागे जाऊन चित्रित करायला सांगा. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा, नाहीतर पांढरा घेर फिरला की सगळं चित्र काळवंडतं आणि घेर थांबला की पुन्हा उजळतं.

एक तांत्रिक गोष्ट पाठच करून ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. खोलीतल्या दिव्यांखाली चित्रीकरण करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर दिवे सहसा लुकलुकत नाहीत. फोन बहुतेक वेळा ३० फ्रेमवर लावलेला असतो, तो आदल्या दिवशीच बदला. आणि याच २५ फ्रेमचा हिशेब संकलनातही कामाला येतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा असतील तर एका मात्रेच्या वाट्याला जेमतेम सहा फ्रेम येतात. दोन-तीन फ्रेम उशिरा कट पडला की सम हुकल्यासारखी वाटते, मग ती प्रत्यक्षात कितीही चोख आलेली असो.

म्हणून संकलनाच्या वेळी एडिटरच्या शेजारी बसण्याचा वेळ आत्ताच राखून ठेवा. हे काम कुणावर सोपवू नका. १९४५ मध्ये अमेरिकेत माया डेरेन यांनी टॅली बीटी या नर्तकाला घेऊन काही मिनिटांची मूकफिल्म केली. त्यात नर्तक झाडीत पाय उचलतो आणि तोच पाय घरातल्या खोलीत टेकतो. हालचाल एकच, जागा दोन, आणि त्या दोन जागा जोडणारा कट हाही नाचाचाच भाग. हाताशी साधनं फार थोडी असताना एका बाईने हे करून दाखवलं. आपल्याकडे घाट आहे, वाडा आहे, वर्गाची खोली आहे. तोड्याची, म्हणजे छोट्या बोलरचनेची, सुरुवात वर्गात आणि सम घाटावर, असा कट घ्यायचा असेल तर दोन्ही ठिकाणी पाऊल त्याच कोनात, त्याच उंचीवरून पडायला हवं, आणि त्याचीही तालीम लागते.

आता घुंगरांबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फोन आणि व्हिडिओ कॉलची ॲप्स घुंगरांचा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा आणि आवाज दाबणारी सोय बंद करा. चित्रीकरणासाठी वेगळा रेकॉर्डर घ्या, पायांपासून दोन-तीन फुटांवर घडी केलेल्या कापडावर ठेवा आणि सगळ्यात जोरकस तत्कार करून पातळी तपासा. काटा लाल रंगात जात असेल तर आवाज फाटणार. प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. नंतर चित्र आणि ध्वनी त्या टाळीवर जुळवता येतात. घाटावर लेहरा, म्हणजे ताल धरून सतत वाजणारी धून, ऐकवायला ब्लूटूथ स्पीकर नेत असाल तर बरोबर वायरही न्या.

जागेची पाहणी ज्या वेळी चित्रीकरण आहे त्याच वेळी करा. गोदाघाटावर पहाटेचा उजेड फार सुंदर असतो, पण डिसेंबर-जानेवारीत इथला दगड अंग गोठवतो आणि मे महिन्यात दुपारी तोच पाय भाजतो. हिवाळ्यात अंग गरम करायला निदान अर्धा तास द्या, सतरंजी आणि मोजे बरोबर ठेवा, टेक झाला की मुलींचे पाय लगेच झाकायला सांगा. काळ्या दगडापुढे गडद वेश हरवून जातो. पिवळा, केशरी, मोतिया खुलतो. बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात थरथरतं, ते टाळा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू आहे का ते आदल्या रात्री बघा. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून आपण पूर मोजतो, तिथे चौपट लयीत नाचायला कुणाला उभं करू नका. सिंहस्थाच्या कामांनी घाटाचं रूप बदलत असतं, तेव्हा गेल्या वर्षीच्या फोटोवर विसंबू नका.

आणि रामकुंडाजवळ एक पथ्य कायम पाळा. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया विधी चालू असतात. त्यांचं दुःख आपल्या चौकटीत मागचं दृश्य म्हणून येता कामा नये. मी तिथे चित्रीकरण करत नाही. नारोशंकराच्या देवळाच्या अंगाला किंवा आणखी पुढे सरकते, लेहऱ्याचा आवाज खाली ठेवते, आणि जवळ कुणी विधीला बसलं तर थांबते. एक सकाळ वाया गेली तरी चालेल.

पांडवलेणी हवी असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते, तिच्यासाठी काही आठवडे आधी अर्ज करा. ड्रोनचा मोह होतो, पण नाशिकरोडला नोटांचा छापखाना, देवळालीला तोफखान्याचं केंद्र, ओझरला विमानतळ अशी आपल्या शहराची घडण आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कोणत्या रंगात येते ते पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीतूनही काढू नका.

त्या लेण्यांवर जाल तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापाशी थोडं थांबा. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते लेणं दान दिलं आणि तसा लेख दगडात कोरून ठेवला. आज जवळजवळ एकोणीस शतकांनी तिचं नाव वाचता येतं. खाली पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेबांच्या १९१३ मधल्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली, कारण त्या कामाला बाई मिळाली नाही. त्याच वर्षीच्या पुढच्या चित्रपटात कमलाबाई मोहिनी झाल्या, आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वती. भस्मासुराला नाचवून हरवणारी मोहिनी! पडद्यावरची बाई आपल्याकडे आली ती नाचाच्या गोष्टीतून, हे मला दर वेळी तिथे गेल्यावर आठवतं.

नाव कोरून ठेवायचं आपलं साधन कागद आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली हवी. बोल, जागा, दिशा, वेश, सगळं तारखेसह वहीत उतरवा आणि एका स्थिर कॅमेऱ्यावर पूर्ण रचना चित्रित करून ठेवा. याच कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो. कुणी ‘ताई, खर्च आम्ही करतो, तुम्ही फक्त नाच बसवा’ म्हणालं तर फिल्म कुणाची, कुठे दाखवायची, कापाकापी कुणाला विचारून करायची हे चित्रीकरणाआधी लिहून घ्या. माझ्या एका रचनेचे तुकडे माझं नाव वगळून एका जाहिरातीत वापरले गेले. त्यावर बोट ठेवायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

संगीताचंही तसंच. ठुमरी शंभर वर्षं जुनी असली तरी तिचं ध्वनिमुद्रण जुनं असेलच असं नाही, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो. यूट्यूब तर आवाज ओळखून आपोआप हरकत घेतं. त्यापेक्षा तबला आणि हार्मोनियम आपल्याच शहरातल्या वादकांकडून मुद्रित करून घ्या, मानधन द्या, लेखी संमती घ्या. लहान मुली असतील तर आई-वडिलांची सही, आणि श्रेयनामावलीत त्यांची शाळा किंवा पत्ता नको.

महोत्सवाला पाठवायचं असेल तर फिल्म आधी सगळ्यांसाठी खुली करू नका. आधी ऑनलाइन दाखवलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत, म्हणून नियम वाचा आणि निवडसमितीला पासवर्डची लिंक द्या. अभिनयात शब्द असतील तर इंग्रजी उपशीर्षकं करा, पण गडबडीत नको. ‘सखी’ आणि ‘मैत्रीण’ यांतला फरक पोचवायला एक संध्याकाळ जाते.

थेट कार्यक्रमासाठी माझा आग्रह असा, की नाच आधी चित्रित करून प्रीमियर लावा, म्हणजे तयार फिल्म ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदम दाखवा, आणि गप्पा थेट ठेवा. दोन शहरांतल्या नर्तकी इंटरनेटवरून एकाच लेहऱ्यावर एकत्र नाचू शकत नाहीत. आवाज पोचायला लागणारा उशीर लय मोडतो. थेटच करायचं असेल तर लेहरा एकीकडेच वाजू द्या आणि बाकीच्यांनी एकापाठोपाठ एक यावं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा चॅनेल आठवडाभर आधी तयार ठेवा. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत बंद पडते. इंटरनेट वायरचं घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं हॉटस्पॉट बाजूला ठेवा. आपल्या भागात देखभालीसाठी वीज कोणत्या वारी जाते ते विचारून तो वार टाळा. रात्री आठची वेळ चांगली. उन्हाळ्यात तेव्हा लंडनला दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा असतात. प्रतिक्रियांवर लक्ष ठेवायला एक खमकी मैत्रीण बसवा. घाणेरडं काही आलं तर तिने लगेच पुसावं. नाचणाऱ्या मुलींनी ते वाचायची गरज नाही.

आदल्या रात्री पिशवीत सुईदोरा, सेफ्टी पिना, आलता, जास्तीची घुंगरांची दोरी, रिकामी मेमरी कार्डं, पॉवर बँक, एक्सटेन्शन बोर्ड, आडोशासाठी दोन जुन्या साड्या, पाणी आणि केळी. श्रेयनामावली छापील प्रतीवर एकदा मोठ्याने वाचा. वेश शिवणाऱ्या ताईंचं, घाटावर सामान उचलणाऱ्या दादांचं नाव आहे ना, जोडाक्षरं बरोबर आहेत ना ते बघा. चित्रीकरण संपलं की घरी जायच्या आधी सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायला द्या. फिल्म तयार झाली की पहिली लिंक तबलजींना पाठवा. सम कुठे सरकली असेल तर सगळ्यात आधी त्यांनाच ऐकू येईल, आणि तोवर दुरुस्तीला वेळ असेल.