इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरचं डोंगल: घेण्यापासून सांभाळण्यापर्यंत

तालुक्याच्या गावात स्ट्रक्चरल डिझाइन, सर्व्हे किंवा सीएनसीचं काम सुरू केलं की सॉफ्टवेअरच्या बिलासोबत कधी कधी पेनड्राइव्हएवढा, यूएसबीला लावायचा एक तुकडा हातात येतो. कोणी त्याला डोंगल म्हणतं, कोणी नुसतं 'लॉक'. त्या मोठ्या बिलातला खरा माल तोच. सेटअप तुम्ही ऑफिसातल्या चारही कॉम्प्युटरवर टाकू शकता, पण सॉफ्टवेअर चालेल ते लॉक लागलेल्या कॉम्प्युटरवरच. लायसन्स त्या तुकड्यात असतं, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढची सगळी काळजी त्यासाठीच आहे.

हल्ली बऱ्याच कंपन्या ऑनलाइन लॉगिनकडे वळल्या आहेत. तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या ऑफिसांना मी आजही डोंगलच सुचवतो. पावसाळ्यात लाइन गेली की थोड्या वेळात मोबाइलचं टॉवरही जातं, आणि जिनिंगच्या शेडचं डिझाइन उद्या द्यायचं असतं. डोंगलला रोजच्या कामासाठी इंटरनेट लागत नाही. कंपनी दोन्ही पर्याय देत असेल तर आधी डोंगलचं विचारा.

आत काय चालतं

डोंगलमध्ये एक चिप असते आणि तिच्यात एक गुप्त किल्ली कोरलेली असते. सॉफ्टवेअर सुरू होताना डोंगलकडे एक आकडा पाठवतं. डोंगल आतल्या आतच किल्ली वापरून तो आकडा बदलतं आणि उत्तर परत करतं. उत्तर जुळलं तरच सॉफ्टवेअर उघडतं. किल्ली स्वतः कधीच बाहेर येत नाही, म्हणून डोंगलची कॉपी काढता येत नाही. ही विचारपूस काम चालू असतानाही मधूनमधून होत राहते. काम सेव्ह केल्याशिवाय डोंगल उपसू नका, त्याचं कारण हेच.

बाजारात दिसणारी बहुतेक डोंगल दोन घराण्यांतली असतात. एक सेंटिनेल, ज्याला जुनी मंडळी हास्प म्हणतात. ते आता थेल्स कंपनीकडे आहे. दुसरं जर्मनीच्या विबू-सिस्टिम्सचं कोडमीटर. तुमचं कोणतं ते आधी डीलरला विचारून घ्या, कारण ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला डोंगल ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, त्याप्रमाणे लागतो.

विकत घेताना

नागपूरच्या डीलरशी फोनवर व्यवहार ठरला तरी चार गोष्टी लेखी मागा: लायसन्स कायमचं आहे की मुदतीचं, एकाच कॉम्प्युटरपुरतं आहे की नेटवर्कचं, सॉफ्टवेअरचे कोणते भाग (मॉड्यूल) चालू आहेत, आणि डोंगल खराब झालं किंवा हरवलं तर कंपनीचा नियम काय. कुरिअर आलं की डोंगलवरचा नंबर बिलाशी ताडून पाहा. बिलावर नंबर नसेल तर लिहवून घ्या.

बंद पडलेल्या ऑफिसातलं जुनं डोंगल स्वस्तात मिळत असेल तर थांबा. बहुतेक कंपन्यांच्या करारात लायसन्स परस्पर विकता येत नाही. कंपनीकडून तुमच्या नावावर लेखी ट्रान्सफर होत असेल तरच पैसे द्या.

लावताना

डोंगल खिशात ठेवून आधी ड्रायव्हर टाका. काही डोंगल विंडोजच्या तयार ड्रायव्हरवरही ओळखलं जातं, पण लायसन्स मॅनेजर, म्हणजे डोंगलमधलं लायसन्स तपासणारा प्रोग्राम, बऱ्याचदा तरीही लागतो. ड्रायव्हर नेहमी कंपनीच्या साइटवरून किंवा सॉफ्टवेअरच्या सेटअपमधूनच घ्या. मग डोंगल लावा आणि दिवा लागतो का ते पाहा.

इथेच फोन येतात, "भाऊ, लॉक दिसूनच नाही राहिलं!" माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. बहुतेक डोंगल तिथे ड्राइव्हसारखं दिसतच नाही. पाहायचं ठिकाण वेगळं आहे. सेंटिनेल असेल तर ब्राउझर उघडून अ‍ॅड्रेसच्या जागी इंग्रजीत लोकलहोस्ट, मग कोलन आणि १९४७ (localhost:1947) टाइप करा. हे पान तुमच्याच कॉम्प्युटरमधलं आहे, त्याला नेट लागत नाही. डावीकडे सेंटिनेल कीज वर क्लिक केलं की लागलेल्या डोंगलची यादी येते. तिथल्या ब्लिंक ऑन या बटणावर क्लिक करा आणि डोंगलकडे बघा, दिवा मिचमिचायला लागेल. दोन-तीन डोंगल एकत्र लागलेली असतील तर कोणतं कोणाचं ते असंच ओळखायचं. फीचर्स मध्ये गेलात की कोणतं लायसन्स आहे आणि मुदत कधी संपते तेही दिसतं. कोडमीटरला यासाठी कोडमीटर कंट्रोल सेंटर नावाचा वेगळा प्रोग्राम असतो.

यादीत डोंगल नसेल तर आधी पोर्ट बदला, हब काढून थेट लावा, मग लायसन्स मॅनेजरची सर्व्हिस बंद-चालू करा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर अचानक बंद पडलं असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर काम होतं. यादीत दिसतं पण सॉफ्टवेअर मुदतीची तक्रार करतं, अशा वेळी कॉम्प्युटरची तारीख पाहा. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल उतरला की लाइन गेल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, आणि मुदतीचं लायसन्स अशा उलट्या तारखेला बऱ्याचदा चालत नाही.

नेटवर्कचं डोंगल एकाच कॉम्प्युटरला लावतात आणि बाकीचे लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवरून, लायसन्स घेतात. सेंटिनेलसाठी त्या कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्ये १९४७ हा पोर्ट (यूएसबीचा नव्हे, नेटवर्कच्या वाटेचा नंबर) मोकळा हवा, कोडमीटरसाठी २२३५०. साधं, एका कॉम्प्युटरचं डोंगल रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुसरीकडून नेटने ऑफिसचा कॉम्प्युटर चालवताना, बऱ्याचदा चालत नाही. घरून काम करायचा विचार असेल तर हे खरेदीआधीच विचारा.

नूतनीकरणासाठी नागपूरला जाऊ नका

एसटीने डोंगल डीलरकडे नेऊन देणारे लोक अजून आहेत. त्याची गरज नाही. सेंटिनेलच्या डोंगलमधून सीटूव्ही नावाची एक छोटी फाइल काढायची आणि ईमेलने पाठवायची. कंपनी व्हीटूसी फाइल परत पाठवते, ती डोंगलवर लावली की मुदत वाढते किंवा नवं मॉड्यूल चालू होतं. फाइल इतकी लहान असते की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सहज जाते.

यात दोन पथ्यं पाळा. फाइल लावताना कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या, कारण मधेच लाइन गेली तर डोंगलमधलं लिखाण अर्धवट राहू शकतं. आणि व्हीटूसी फाइल्स ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने लावा. मागची वगळून पुढची लावायला गेलात तर डोंगल ती नाकारतं.

क्रॅकच्या वाटेला जाऊ नका

डोंगलशिवाय चालवून देतो म्हणणारे सगळीकडे भेटतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यवसायासाठी वापर नसेल तर कोर्ट सूट देऊ शकतं, पण तुमचा तर व्यवसायच आहे. कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हाही कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात २ वर्षांपर्यंत कैद आहे. मला याहून जास्त काळजी वेगळी वाटते. कोणीतरी फोडलेल्या सॉफ्टवेअरने काळ्या मातीतल्या पायाचं गणित बरोबर केलं का, याची हमी कोण देणार? सही तर तुमचीच असते.

सांभाळताना

पुढच्या पोर्टला लावलेलं डोंगल गुडघा किंवा खुर्ची लागून वाकतं. एक वीतभर एक्स्टेन्शन केबल घ्या आणि मागच्या पोर्टला लावा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नका. विजा कडाडायला लागल्या की कॉम्प्युटरचा प्लग काढा. जिनिंगजवळ ऑफिस असेल तर न वापरताना टोपण लावून ठेवा, कापसाची रोय पोर्टमध्ये बसते. डोंगलवर रंगीत चिकटपट्टी आणि ऑफिसचा फोन नंबर असू द्या, म्हणजे साइटवरून आलेल्या पेनड्राइव्हच्या गर्दीत ते मिसळणार नाही.

डोंगल तुटलं तर तुकडे टाकू नका. तुटलेलं परत दिलं की बऱ्याच कंपन्या थोडं शुल्क घेऊन बदलून देतात. हरवलं तर मात्र साधारणपणे पूर्ण लायसन्स पुन्हा घ्यावं लागतं, कारण ते दुसऱ्या कोणाकडे चालू नाही हे कंपनीला कळायला मार्ग नसतो. म्हणून ऑफिसच्या विम्यात डोंगलची किंमत वेगळी नोंदवा, आणि तीही पूर्ण लायसन्सची. डोंगलचा फोटो, नंबर आणि बिल विम्याच्या कागदांसोबत ठेवा. चोरी झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात नंबरासहित तक्रार द्या आणि तिची प्रत विमा कंपनीला व डीलरला पाठवा.