ग्लुकोजपासून चमकणारे कार्बन डॉट्स: प्रयोगशाळेतली कृती

कार्बन डॉट्स म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची) काजळी शुद्ध करताना ते अचानक हाती लागले. आज ते साखरेपासूनही होतात. द्रावण चमकवणं सोपं आहे. ती चमक कणांचीच आहे हे दाखवणं अवघड.

०.९ ग्रॅम शुद्ध ग्लुकोज ५० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा (०.१ मोलर). मेडिकलमधली ग्लुकोज पावडर नको, तिच्यात बहुधा इतर घटकही मिसळलेले असतात. घरची साखर चालते, पण तिच्यातून सुटणारं फ्रुक्टोज लवकर करपतं.

द्रावण १०० मिलि टेफ्लॉन-अस्तराच्या स्टील ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या, घट्ट बंद होणाऱ्या भांड्यात) ओता. निम्मं भांडं रिकामं हवंच. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला ४ तास ठेवा. आत वाफेचा दाब सुमारे १० बार होतो. म्हणून भांडं रात्रभर आपोआप थंड होऊ द्या, कोमट असतानाही झाकण सैल करू नका. कुकरमध्ये किंवा काचेच्या बंद बाटलीत हा प्रयोग करायचा नाही.

द्रावण पिवळसर-तपकिरी निघायला हवं. तळाशी काळा गाळ भरपूर असेल तर ग्लुकोज जास्त झालं किंवा वेळ लांबला, आणि डॉट्सऐवजी कार्बनचे मोठे गोळे तयार झाले. रंगच आला नसेल तर ओव्हनचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा.

१०,००० आरपीएमवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून, म्हणजे जड कण तळाशी बसतात) वरचं पाणी ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. मग १ किलोडाल्टनच्या पिशवीत २४ ते ४८ तास डायलिसिस: पिशवी पाण्यात ठेवली की त्या मापाहून छोटे रेणू तिच्या छिद्रांतून बाहेर जातात, मोठे कण आत राहतात. ही पायरी बरेच जण वगळतात आणि तिथेच फसतात: साखर तापली की चमकणारे छोटे रेणूही तयार होतात. पिशवीबाहेरचं पहिलं पाणी टाकू नका, तेही ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली बघा. बाहेरचं चमकतंय आणि आतलं मंद, तर ती चमक बहुतेक त्या रेणूंची. (३९५ चा स्वस्त टॉर्च स्वतःच जांभळा दिसतो, त्यावर विसंबू नका. साबणाने धुतलेलं भांडंही निळं चमकू शकतं.)

गडद द्रावण मंद दिसलं तर निराश होण्याआधी दहापट पातळ करा. दाट द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं. तरीही नुसत्या ग्लुकोजचे डॉट्स फिकेच असतात. जास्त उजेड हवा असेल तर सुरुवातीलाच थोडं नायट्रोजनयुक्त संयुग, उदाहरणार्थ युरिया, घालून बघा.