खप नसलेल्या टॅबलेटची किंमत योग्य आहे का, हे कसे तपासावे

एखादा टॅबलेट बाजारात येतो, पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा खप मंदावल्याचे दिसू लागते आणि लगेच त्याच्या किमतीवर वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो की आतील चिप, स्क्रीन आणि स्टोरेज पाहता आघाडीच्या टॅबलेटइतकी किंमत लावणे रास्तच आहे. दुसरा पक्ष विचारतो की तेवढ्याच पैशांत आघाडीचाच टॅबलेट मिळत असेल, तर हा कोणी का घ्यावा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते आणि तरीही वाद जागचा हलत नाही, कारण किंमत कोणाच्या दृष्टीने योग्य म्हणायची, हेच ठरलेले नसते. कंपनीला परवडणारी किंमत, वस्तूच्या घडणीला साजेशी किंमत आणि ग्राहकाने मोजावी अशी किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यांपैकी तिसरी किंमत कशी काढायची, हे येथे सांगायचे आहे; पहिल्या दोन तिच्या आड येतील तेवढाच त्यांचा विचार करावा.

तुलनेसाठी प्रतिस्पर्धी निवडताना पहिली चूक होते. आघाडीच्या टॅबलेटचे नाव घेऊन भागत नाही. त्याचे नेमके कोणते मॉडेल, किती स्टोरेजचे आणि सिमसह की केवळ वाय-फायचे, हे लिहून काढावे लागते. २०११ च्या फेब्रुवारीत मोटोरोलाचा झूम हा टॅबलेट अमेरिकेत मोबाइल कंपनीशी करार न करता ७९९ डॉलरला आला, तेव्हा आघाडीवर असलेल्या ॲपलच्या ४९९ डॉलरच्या आयपॅडपेक्षा तो ३०० डॉलरने महाग असल्याची टीका झाली. प्रत्यक्षात झूम ३२ जीबीचा आणि थ्रीजी जोडणीचा होता, आणि त्याच तोडीचा पहिला आयपॅड ७२९ डॉलरला मिळत होता. म्हणजे सारख्याला सारखे लावून पाहिले तर फरक ७० डॉलरचा होता आणि त्या बदल्यात दोन गाभ्यांचा प्रोसेसर व कॅमेरे मिळत होते. तरीही टीका करणारे पूर्णपणे चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. ज्याला थ्रीजी नको होते आणि १६ जीबी पुरत होते, त्याच्यासाठी झूमचे स्वस्त मॉडेल तेव्हा उपलब्धच नव्हते. त्यामुळे दोन तुलना कराव्यात, एक समान मॉडेलांची आणि दुसरी प्रत्येकाच्या सर्वांत स्वस्त मॉडेलची, आणि आपण त्यांपैकी कोणत्या तुलनेवर बोलत आहोत ते प्रत्येक वेळी स्पष्ट करावे.

प्रतिस्पर्ध्याचे मागील वर्षीचे मॉडेलही या यादीत हवे. २०११ च्या मार्चमध्ये आयपॅड २ जाहीर झाला त्याच वेळी पहिल्या आयपॅडच्या उरलेल्या साठ्याची किंमत १०० डॉलरने उतरली आणि तो ३९९ डॉलरपासून मिळू लागला. त्या काळात ४९९ डॉलरचा टॅबलेट आणणाऱ्या प्रत्येक कंपनीची स्पर्धा या दोन्ही किमतींशी होती. किंमत कोणत्या दिवशीची आहे, हेही नोंदवून ठेवावे. छापील किंमत आणि त्या दिवशी ग्राहक खरोखर मोजत असलेली रक्कम यांत अंतर असेल तर दुसरीच धरावी.

यानंतर वस्तू वापरायोग्य होईपर्यंत लागणारी एकूण रक्कम काढावी. मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ४९९ डॉलरला ३२ जीबीचा आला, तर त्याच किमतीचा आयपॅड १६ जीबीचा होता. कागदावर हे दुप्पट स्टोरेज आहे. मात्र ऑपरेटिंग सिस्टीम आणि सोबतची सॉफ्टवेअर सोडून सरफेसमध्ये मोकळी जागा सुमारे १६ जीबीच उरत होती. ज्या कीबोर्डाच्या कव्हरावर त्याची सगळी जाहिरात उभी होती, ते कव्हर ४९९ मध्ये येत नव्हते. कव्हरासह किंमत ५९९ डॉलर होत होती. दुसऱ्या बाजूने हेही मोजले पाहिजे की त्यात मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे (वर्ड, एक्सेल वगैरे) प्रोग्राम अंतर्भूत होते आणि मेमरी कार्डाची सोय होती. जमेची प्रत्येक बाब धरताना एकच कसोटी लावावी: आपण ती वस्तू वेगळे पैसे देऊन घेतली असती का? उत्तर होय असेल तर तेवढी रक्कम टॅबलेटच्या बाजूने धरावी, नसेल तर ती सोय कितीही चांगली असली तरी शून्य धरावी. वादात पुष्कळदा या ठिकाणी नकळत पक्षपात होतो, कारण आवडत्या टॅबलेटची न वापरली जाणारी सोयही आपण पूर्ण किमतीने मोजतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खप नसणे हा स्वतःच टॅबलेटचा एक अवगुण आहे आणि त्याची किंमत पैशांत धरावी लागते. टॅबलेट घेणारा केवळ काच आणि चिप घेत नाही. त्यावर पुढील काही वर्षे ॲप येत राहतील, सुरक्षेचे अपडेट मिळतील, कव्हर आणि चार्जर मिळतील, बिघाड झाल्यास सुटे भाग सापडतील, हा भरवसाही तो त्याच पैशांत घेत असतो. वापरणारे थोडे असले की ॲप बनवणारे त्या टॅबलेटकडे वळत नाहीत, ॲप नसले की नवे ग्राहक येत नाहीत, आणि या चक्रात सापडलेल्या टॅबलेटची घडण उत्तम असली तरी त्याचा उपयोग आक्रसत जातो. एचपीचा टचपॅड १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत आला तेव्हा त्याची किंमत १६ जीबीसाठी ४९९ आणि ३२ जीबीसाठी ५९९ डॉलर होती, म्हणजे आयपॅड २ च्या वाय-फाय मॉडेलांशी डॉलरला डॉलर जुळणारी. स्क्रीनचा आकार आणि रेझोल्यूशनही तेच होते. त्याची वेबओएस ही प्रणाली एकाच वेळी अनेक कामे उघडी ठेवण्याच्या बाबतीत फार विचारपूर्वक केलेली होती आणि तिचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण टचपॅड जाड होता, वजनाला जड होता आणि त्याच्यासाठी खास केलेली ॲप फार थोडी होती. समान किंमत लावून कंपनीने ग्राहकाला एवढेच सांगितले की तेवढ्याच पैशांत भविष्याची अनिश्चितताही तुम्हीच पत्करा. १८ ऑगस्टला, म्हणजे सात आठवड्यांत, उत्पादन थांबवत असल्याचे कंपनीने जाहीर केले.

म्हणून माझे मत असे आहे की मागे पडलेल्या टॅबलेटची किंमत आघाडीच्या टॅबलेटइतकी असणे म्हणजे बरोबरी नव्हे, ती प्रत्यक्षात चढी किंमत असते. किती चढी, ते काढण्यासाठी वर्षाचा हिशोब उपयोगी पडतो. समजा, आघाडीचा टॅबलेट ५०० ला आहे आणि त्याला पाच वर्षे अपडेट व ॲप मिळतील असे मागील अनुभवावरून दिसते. मग त्याचा वर्षाचा खर्च १०० झाला. दुसरा टॅबलेट ४०० ला आहे, परंतु दोन वर्षांनंतर त्याला पाठबळ मिळेल याची खात्री नाही, तर त्याचा खर्च वर्षाला २०० होतो. विकताना हाती येणारी रक्कमही यात धरावी, आणि ती बहुधा मागे पडलेल्या टॅबलेटच्या विरोधातच जाते. हा हिशोब ढोबळ आहे हे मान्य करूनही तो करावा, कारण त्यामुळे वाद ‘महाग की स्वस्त’ यावरून ‘किती वर्षे’ या प्रश्नावर येतो, आणि तो अधिक उपयोगाचा प्रश्न आहे.

पाठबळाचे दोन भाग मात्र वेगळे ठेवावेत: नव्या आवृत्त्या व ॲप हा एक, आणि सुरक्षेचे अपडेट हा दुसरा. सरफेस आरटीला पुढे विंडोज १० मिळाली नाही आणि जुने विंडोज प्रोग्राम त्यावर मुळातच चालत नव्हते, तरी त्याच्या विंडोज आरटी ८.१ या आवृत्तीला सुरक्षेचे पाठबळ २०२३ च्या जानेवारीपर्यंत होते. ज्याला फक्त लिहायचे आणि वाचायचे होते, त्याच्या दृष्टीने हे यंत्र बाजारातील नाव पुसले गेल्यानंतरही बराच काळ निरुपयोगी झाले नव्हते. याउलट ब्लॅकबेरीचा प्लेबुक २०११ च्या एप्रिलमध्ये ४९९ डॉलरला आला, तेव्हा त्यात स्वतःचा ईमेल प्रोग्रामही नव्हता. त्यासाठी त्याच कंपनीचा फोन जोडावा लागे, आणि ती उणीव भरून निघण्यास २०१२ चा फेब्रुवारी उजाडला. जी सोय पुढे येणार असे सांगितले जाते, तिचे पैसे आज धरू नयेत.

आता एका अशा युक्तिवादाबद्दल, जो प्रत्येक वादात हमखास येतो. उत्पादन थांबल्यानंतर टचपॅड ९९ आणि १४९ डॉलरला काढला गेला आणि अल्पावधीत दुकानांतून संपला. यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की मुळातच ही किंमत ठेवली असती तर तो यशस्वी झाला असता. हा निष्कर्ष टिकत नाही. त्याच्या सुट्या भागांचाच खर्च त्या वेळी ३०० डॉलरच्या आसपास असल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले होते, त्यामुळे ९९ डॉलर ही साठा संपवण्याची किंमत होती, धंदा चालवण्याची नव्हे. ग्राहकाला पटणारी कमाल किंमत जर कंपनीच्या खर्चाच्या खाली असेल, तर दोघांनाही मान्य होईल अशी किंमत अस्तित्वातच नसते, आणि असा टॅबलेट किंमत बदलून वाचत नाही. वाद घालताना हे उत्तरही शक्य आहे, हे आधीच मान्य करून ठेवावे.

ॲमेझॉनच्या किंडल फायरने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये १९९ डॉलरला जे करून दाखवले, त्याचे कारणही येथेच सापडते. त्याचा बनवण्याचा खर्च विक्रीच्या किमतीच्या जवळपासच असल्याचे मानले जात होते. कंपनी पुस्तके, चित्रपट आणि इतर खरेदीतून पुढे कमाई करण्याच्या हिशोबाने ते यंत्र विकत होती. त्यात कॅमेरा नव्हता, मायक्रोफोन नव्हता आणि स्टोरेज ८ जीबी होते. अशा टॅबलेटची किंमत पुढे करून दुसऱ्याला महाग ठरवताना उरलेले पैसे कुठून वसूल होतात, हे विचारले पाहिजे. आपण त्या दुकानातून पुस्तके घेणारच असू तर ती किंमत आपल्यासाठी खरी आहे. आपल्याला फक्त यंत्र हवे असेल आणि जाहिराती किंवा एकाच दुकानाशी बांधिलकी नको असेल, तर ती तुलना अर्धीच लागू पडते.

किंमत उतरली की वाद पुन्हा पेटतो, आणि तेव्हा कपातीचे कारण आधी पाहावे. नवे मॉडेल आल्यामुळे जुने स्वस्त होणे ही नेहमीची गोष्ट आहे. नवे मॉडेल नसताना एकाएकी मोठी कपात झाली, तर गोदामात माल पडून असल्याची ती खूण समजावी. सरफेस आरटी २०१३ च्या जुलैमध्ये १५० डॉलरने उतरून ३४९ ला आला आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने साठ्याच्या मूल्यात ९० कोटी डॉलरची घट दाखवली. प्लेबुक २०११ च्या नोव्हेंबरमध्ये १९९ डॉलरपर्यंत खाली आला, आणि डिसेंबरच्या आरंभी त्याच्या कंपनीने साठ्यापोटी ४८.५ कोटी डॉलरचा फटका जाहीर केला. अशा वेळी घाईने घेण्यापेक्षा काही आठवडे थांबणे बहुधा शहाणपणाचे ठरते. टचपॅड ऑगस्टच्या सुरुवातीला ३९९ ला आल्याचे पाहून ज्यांनी तो घेतला, त्यांना पंधरवड्याच्या आत तोच ९९ ला दिसला.

निष्कर्ष लिहिताना तो एका वाक्यात, पण अटींसह लिहावा: कोणता ग्राहक, कोणता उपयोग, कोणत्या तारखेची किंमत आणि कोणत्या रकमेपर्यंत. सरफेस आरटीबाबत माझे वाक्य असे होईल: ज्याला ऑफिसचे प्रोग्राम आणि कीबोर्ड रोज लागत होते आणि इतर ॲपची विशेष गरज नव्हती, त्याच्यासाठी २०१३ च्या जुलैनंतर ३४९ डॉलर अधिक कव्हराचे पैसे ही किंमत मान्य करण्याजोगी होती, आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये कव्हरासह मागितलेले ५९९ डॉलर त्याच्यासाठीही जास्त होते. यावर कोणाचे दुमत असेल तर त्याने या चारपैकी कोणती अट बदलली, हे आधी सांगावे आणि मगच आकडा बदलावा.