पासवर्ड बदलूनही चोर आतच? या चुका टाळा

ऐन आंब्याच्या हंगामात देवगडच्या एका पॅकिंगवाल्या काकांचा फोन आला. "तीनदा पासवर्ड बदललंय रे, तरी रातचो कोणतरी आत शिरताच!" जाऊन बघितलं, तर तिन्ही वेळा पासवर्ड बदलला होता त्याच बाधित सर्व्हरवर बसून. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

विंडोजमध्ये लॉगिन तपासणारी प्रक्रिया म्हणजे एलसॅस. नवा पासवर्ड नियमांत बसतो का, हे ठरवायला तो 'पासवर्ड फिल्टर' नावाच्या डीएलएल फायलींना (विंडोजला जोडलेले छोटे प्रोग्राम) दाखवला जातो, तोही उघडा, जसाच्या तसा. अ‍ॅडमिनचे हक्क मिळालेला चोर त्या रांगेत आपली फाइल बसवतो. तुम्ही पासवर्ड बदलायचा, त्याने वाचायचा. राखणदारच फितूर असेल तर त्याला नारळ वाहून काय उपयोग?

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची वही) 'एलएसए' या लॉगिन-सुरक्षेच्या विभागाखाली 'नोटिफिकेशन पॅकेजेस', 'सिक्युरिटी पॅकेजेस' आणि 'ऑथेंटिकेशन पॅकेजेस' या नोंदी बघा. अनोळखी नाव दिसलं की लगेच पुसायची घाई नको. आधी फोटो काढा, फाइलवरची डिजिटल सही तपासा. पासवर्डचे नियम लावणारी काही खरी सॉफ्टवेअरंही तिथेच बसतात.

"रीस्टार्ट मारून बघूया" हा दुसरा घोटाळा. 2015 मध्ये उघडकीला आलेलं 'स्केलेटन की' नावाचं चोर-सॉफ्टवेअर डोमेन कंट्रोलरच्या (नेटवर्कमधले सगळे लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) मेमरीतच राहायचं, ते रीस्टार्टने जायचं. रजिस्ट्रीत नोंदवलेली फाइल मात्र रीस्टार्टनंतर पुन्हा हजर. (पावसात आपल्याकडे लाईट जाऊन रीस्टार्ट आपोआपच होतात, तो भाग वेगळा.)

लॉगिनच्या पडद्यावर पाचदा शिफ्ट दाबून काळी कमांड खिडकी उघडली, तर स्टिकी कीज या विंडोजच्या कीबोर्ड-सोयीच्या जागी कोणीतरी वेगळंच काही बसवलंय.

लिनक्सवाल्यांनीही गाफील राहू नये. तिथे पॅमचं (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल बदलून चोर स्वतःचा गुप्त पासवर्ड ठेवतो. तुमचा चालतोच, त्याचाही चालतो. पॅकेजच्या फायली मूळच्याच आहेत का हे पडताळा, पण डिस्क दुसऱ्या स्वच्छ मशीनला जोडून. बिघडलेल्या मशीनने स्वतःबद्दल दिलेली साक्ष कशी मानायची?

काकांकडे आधी नेटची वायर काढली, डिस्कची प्रत घेतली, सर्व्हर कोरा करून विंडोज नव्याने टाकलं, एलएसए प्रोटेक्शन (एलसॅसमध्ये परक्या फायली शिरू न देणारं कुलूप) चालू केलं. सगळे पासवर्ड बदलले ते शेवटी, माझ्या लॅपटॉपवरून. दोन दिवस पेट्यांच्या पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. त्यावरून काका अजून कुरकुरतात.