लायलॅक: तुरे सुकले की छाटणी उरका

लायलॅक हे थंड हवेतलं, सुवासिक फुलांचं झुडूप. त्याचे तुरे तपकिरी पडू लागले की पुढचे दोन-तीन आठवडे या झुडपासाठी वर्षातले सगळ्यात मोलाचे. पुढच्या वसंतात उमलणाऱ्या कळ्या याच उन्हाळ्यात, नव्या फुटीच्या शेंड्यांवर धरतात आणि हिवाळाभर तशाच मिटून राहतात. गुलाबाची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. थंडी सरता सरता झुडूप छाटून गोल गरगरीत करतो, आणि धरलेल्या कळ्या कचऱ्यात जातात. ‘पाला भरपूर, फूल एकही नाही’ अशी तक्रार आली की मी आधी छाटणी कधी केली तेच विचारतो.

आत्ता करायचं काम थोडकं आहे. सुकलेला तुरा त्याच्या खालच्या पानांच्या जोडीच्या वर कापा; त्या जोडीच्या बेचक्यातूनच नवी फूट निघते, तिला धक्का लागू देऊ नका. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडाशी काढा. फुलदाणीसाठी तुरे कापत असाल तर तीही छाटणीच झाली. मोठं झुडूप असेल आणि शिडी लावूनही तुऱ्यांपर्यंत हात पोचत नसेल, तर वरचे राहू द्या. त्याने फुलांचं फारसं बिघडत नाही.

झुडूप जुनं होऊन फुलं फक्त टोकाला येत असतील तर तीन वर्षांचा बेत आखा. दरवर्षी सगळ्यात जाड खोडांपैकी साधारण एक तृतीयांश खोडं जमिनीलगत करवतीने काढायची आणि त्यांच्या जागी बुडातून आलेले दमदार फुटवे राखायचे. एकदम सगळंच जमिनीलगत कापलं तरी झुडूप सहसा परत फुटतं, पण मग काही वर्षं फुलांवर पाणी सोडावं लागतं. घरच्या बागेत मला तो मार्ग पटत नाही.

फुटवे राखण्याआधी रोप कलमी आहे का ते मात्र बघा. लायलॅकचं कलम कधी कधी प्रिव्हेटच्या (कुंपणाला लावतात त्या झुडपाच्या) खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुडख्यावर बांधतात. साध्या लायलॅकचं पान रुंद, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. कलमाच्या जोडाखालून अरुंद, लहान पानांचे फुटवे आले तर ते खुंटाचे. ते मुळाशी जाऊन उपटा, नाहीतर खुंटच झुडूप गिळतो.

छाटणी वेळेवर करूनही फुलं नसतील तर ऊन मोजा. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवंच. दुसरा संशयित लॉनचं खत: त्यातलं नत्र मुळांपर्यंत पोचलं की झुडूप पाल्यावर जातं. वसंताच्या सुरुवातीला थोडं कुजलेलं कंपोस्ट पुरे. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ दरम्यान असला की ठीक. माती न तपासता चुना ओतू नका. कळ्या फुगल्यावर कडक दव गोठलं तर त्या जळतात, त्याला इलाज नाही.

हिवाळा पुरेसा थंड नसेल तर साधं लायलॅक पाला देईल, फुलं जेमतेम. अशा ठिकाणी कमी थंडीवर फुलणारं ‘लॅव्हेंडर लेडी’सारखं वाण शोधा. जागा कमी असेल तर ‘पालिबिन’ हे ठेंगणं वाण चांगलं.

उन्हाळ्याच्या शेवटी पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) दिसेल. दिसायला वाईट, पण झुडपाला सहसा फारशी इजा नाही. फवारणीची घाई नको. फांद्या विरळ ठेवा, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर आत अळी आहे, ते खोड कापून काढा. ओल्या, गार वसंतात कोवळे शेंडे काळे पडले तर जिवाणूचा करपा असू शकतो. रोगट भागाच्या बरंच खाली, निरोगी लाकडात कापा आणि दर कापाला कात्री स्पिरिटने पुसा.

नवं रोप लावायचं तर पानगळीच्या दिवसांत, पाणी साचत नाही अशा जागी. मोठ्या वाणांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा खोलवर पाणी द्या, आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नका. चांगला बहर यायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर मेलेलं लाकूड सोडून काहीच कापू नका.